इंदूतायची राई

मालवणच्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान आणि इंदूतायचा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही अर्धी फळ्यांची. त्यामुळे गिऱ्हाईक तिच्याशी काय बोलतं आणि ती त्याला काय सुनावते, हे मला जागचं न हलता ऐकू यायचं. दिवसातून एकदा तरी ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "छान? मगे तू बघलंस खंय?" कुणी बिचारा आपल्या मुलीचा फोटो हातात घेऊन कौतुकानं छान म्हणाला, की त्याचं काही खरं नव्हतं. तिच्या मते छान हा शब्द माणूस बघायचं थांबवताना वापरतो. जेवण छान, लग्न छान, हवा छान. एकदा छान म्हटलं की मान वळवायला मोकळा. माझ्या फ्रेमांनाही मी चुकूनसुद्धा छान म्हणवून घेत नसे, निदान ती ऐकत असताना तरी नाही.

उंच, हडकुळी बाई. नवरा अचानक गेला तेव्हा दीर-जावांनी स्टुडिओ बंद करायचा सल्ला दिला होता. इंदूतायने तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. तेव्हापासून तिच्या साड्या चॉकलेटी, मेंदी नाहीतर काळपट हिरव्या. लोकांना ते वैधव्य वाटायचं. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण मी विचारलं होतं. भडक साडी नेसली तर तिचा रंग समोर बसलेल्याच्या गालावर उतरतो, म्हणून. माणसाशी बोलताना ती डावा डोळा मिटून बोलायची. नवं माणूस बावचळायचं, त्याला वाटायचं बाई डोळा मारते आहे.

पासपोर्टचा फोटो काढायला आलेला कुणी हसायला लागला, की पलीकडून आवाज यायचा, "दात नको दाखव. तुका परदेशात जावचा आसा, दाताच्या डॉक्टराकडे नाय." मग सगळं शांत व्हायचं. बटण दाबण्याआधी ती श्वास रोखायची. समोरचाही आपोआप रोखायचा. आणि फळीच्या अलीकडे मी, खिळ्यावर हातोडी उचललेली तशीच धरून, माझाही. नंतर तिघंही एकदमच सुटायचो. इतकी वर्षं झाली, अजूनही कुठे कॅमेरा दिसला की माझा श्वास अडकतो.

तिच्या धंद्याचा एक भाग असा होता की त्याबद्दल बाजारात मोठ्यानं कुणी बोलत नसे. घरात माणूस जायचं आणि मग लक्षात यायचं की त्याचा धड एकही फोटो नाही. अशा वेळी इंदूतायला बोलावणं यायचं. ती एका शब्दानं कुरकुर न करता पिशवी उचलायची. एकदा किनाऱ्याकडच्या एका वाडीत बुडालेल्या माणसाचा फोटो काढून ती आली. घरच्यांना हवा होता तसा नीट, मिटल्या डोळ्यांचा फोटो तिनं दिला. मीच त्याला फ्रेम केली. पण त्याच दिवशी तिनं आणखी एक फोटो काढला होता, तो तिनं स्टुडिओत लावला. त्यात कुणीच नव्हतं. फक्त ओटीची पायरी, पायरीखाली माणसाच्या चपला, आणि दाराच्या आतला काळोख. चपला आत जाताना काढतात तशा दाराकडे तोंड करून होत्या.

त्या फोटोनं मला छळलं. तिचं गिऱ्हाईकही त्याच्याकडे पाठ करून बसायचं. एकानं तर ती आत गेलेली बघून फोटो उलटा करून ठेवला. मी तिला म्हटलं, "इंदूताय, ह्यो काढ गो हयसून. भिती वाटता."

"मेलेल्या माणसाची कसली रे भिती?" ती म्हणाली. "तो आपलोच आसता. भिती तेच्या चपलांची."

आणि पहिल्यांदाच मला तिच्या आवाजात समाधान ऐकू आलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हिला काहीतरी सापडलंय आणि आता ही स्वस्थ बसणार नाही.

तोंडवलीच्या एका हॉटेलवाल्यानं तिच्याकडून सुरूच्या बनाचे फोटो मागवले होते, जाहिरातीसाठी. तिनं काढले ते असे, की खोडांमागे खोडं, खोडांमागे खोडं, आणि समुद्र कुठेच नाही, नुसता आहे असं वाटत राहतं. हॉटेलवाला हात जोडून म्हणाला, "गो बाय, हे बघून गिऱ्हाईक येतला की पळतला?" ही म्हणाली, "जो येतलो, तो नीट बघीत तरी." फोटो परत आले. ते तिनं मला दाखवले तेव्हा मी छान म्हणालो नाही. पाणी प्यायलो.

त्यातलाच एक कणकवलीच्या कॉलेजातल्या प्रदर्शनात लागला. उद्घाटनाला मुंबईहून एक प्राध्यापक आले होते. मी इंदूतायबरोबर गेलो होतो, फ्रेम माझी होती ना. प्राध्यापक उदात्त या गोष्टीवर बोलले. मोठा कडा, खवळलेला समुद्र, घनदाट रान बघून माणसाला भीती वाटते आणि त्या भीतीतच एक आनंद असतो, असं काहीसं. मात्र हा आनंद मिळायला माणूस सुरक्षित अंतरावर उभा हवा, असं त्यांनी बजावलं. मागच्या रांगेतून इंदूताय उठली. सरकारी कचेरीत बोलावं तशा शुद्ध मराठीत तिनं विचारलं, "सर, अंतर सुरक्षितच का हवं?"

प्राध्यापक हसले. "कारण बाई, अंतर नसेल तर माणूस पळून जाईल. मग बघणार कोण?"

सगळे हसले. ही खाली बसली. परतताना कसालला एसटी वळली तशी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "पळानच जावक व्हयो."

तिच्या या बोलण्याला कारण होतं. तिच्या माहेरी, आंबेखोलला, सातेरीदेवीची राई आहे, तिच्या नावानं राखलेलं रान. अशी राई तोपर्यंत मी पाहिली नव्हती. भर दुपारी आत शिरलं तरी डोळे सरावायला वेळ लागतो. गारबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड, कुठून सुटतात आणि कुठे चढतात ते दिसत नाही. मध्यभागी वारूळ, तीच देवी. तिच्यावर एक कौलारू छप्पर, बस्स. राईचे नियम गावात सगळ्यांना पाठ. चपला बाहेर. वाळकी काटकीही उचलायची नाही. आत कुणाला नावानं हाक मारायची नाही, आणि कुणी मारली तरी वळून बघायचं नाही. वारुळाच्या पलीकडे उतारावर देवचाराचा दगड आहे. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि विडी ठेवायची, आणि त्या दगडापुढे पाऊल टाकायचं नाही. कोयती नाही, कुंपण नाही, पहारेकरी नाही. नुसत्या धाकावर ती राई इतकी वर्षं उभी होती.

आणि आता तो धाक संपला होता. इंदूतायचा चुलत भाऊ मनोहर मुंबईची नोकरी संपवून गावी आला आणि जीर्णोद्धार समितीचा अध्यक्ष झाला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्याच्या म्हाताऱ्या आईला देवीला न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलावं लागे. त्याला सिमेंटचा सभामंडप हवा होता, गाडी थेट दारापर्यंत यायला हवी होती. त्यासाठी राईचा पुढचा अर्धा भाग तोडावा लागणार होता. इंदूताय त्याच्याशी भांडली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "अगो, आता कोण भियाता रायक? पोरां थंय रेंज गावता म्हणान जावन बसतत."

रेंज खरंच तिथेच येत होती.

समितीनं रीतीप्रमाणे देवीला कौल लावला होता. ओल्या पाकळ्या देवीला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. राई तोडू का, विचारलं तर डावी पडली. मग समितीनं प्रश्न बदलला. देवी, तुला नवं घर हवं का? उजवी पडली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पेढे वाटले. हे ऐकून इंदूताय तडक माझ्या दुकानात आली. "देवीक कोर्टात उभी केली रे त्यांनी. हो म्हणीपर्यंत विचारत रवतले."

त्याच दिवशी तिनं ठरवलं. राईचा एकच फोटो काढायचा, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा. जत्रेच्या आधी गावाची बैठक भरते, त्यात तो उभा करायचा. बघणाऱ्याचा पाय मागे सरकायला हवा. गेलेला धाक परत आणायचा, तर कुऱ्हाड पडणार नाही. तिला दुसरं काही येत नव्हतं, हे तिचंच वाक्य.

इतका विचार करून फोटो काढणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. गणपती झाले तशी ती दर आठवड्याला आंबेखोलला जायला लागली, कॅमेरा न घेता. एक डोळा मिटून तासन्‌तास उभी राहायची आणि परत येऊन मला सांगायची की फोटोत काय असणार नाही. आभाळ नाही, कारण आभाळ दिसलं की माणूस तिथून सुटतो. पानांतून पडणारी किरणं नाहीत, कारण ती देवाच्या कॅलेंडरावर असतात. धुकं नाही, कारण धुकं सगळ्यांना आवडतं. देवीचं छप्परही नाही. फक्त खोडं, वेली, उतार आणि तिनसांजेचा उजेड, तोही संपत आलेला. आणि दगडापाशी एक माणूस, पाठमोरा, लहान. तो किती लहान आहे हे कळलं की झाडं किती मोठी आहेत ते कळेल.

मी म्हटलं, "पण कौल लावलंस काय?"

ती म्हणाली, "लावतलंय. पण एकदाच."

कौलाला मी हजर होतो. गुणाजी गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवी सातेरी म्हाराजा, आज तुझी माहेरवाशीण तुझ्या दारात इली हा. तुझ्या रायचो फोटो काढूचो, असो तिच्या मनात विचार आसा. तुझी मर्जी आसा तर उजवी पाकळी दी म्हाराजा." आम्ही दोघं-तिघं म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

पान हलत नव्हतं. डावी पाकळी पडली.

इंदूतायचा चेहरा मी पाहिला आणि नजर खाली घातली. गुणाजीला याची सवय होती. "रव गो," तो म्हणाला, "परत विचारतंय." मला वाटलं ती अडवेल. ती अडवायला पुढे झालीसुद्धा, पण बोलली नाही. गुणाजीनं पुन्हा हात जोडले. "फोटो नको तर नको म्हाराजा. पण ह्या चेडवान तुझी राय राखूची काय?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी उजवी पाकळी पडली. इतक्या झटकन पडली की गुणाजीही दचकला.

"झाला! गावलो कौल," तो म्हणाला.

परतताना मी म्हटलं, "ताय, देवीन दोन जबाब दिल्यान. एक नको, एक व्हय."

"राय राखूची ती कशान? फोटोन. मगे झाली मा फोटोची परवानगी?"

"म्हणजे मनोहरदादाचो हिशोब तुकाय जमता तर."

एसटीत ती माझ्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसली.

दगडापाशी उभं राहायला गावातलं कुणी तयार होईना. रेंजसाठी बसणारी पोरंसुद्धा दगडाचं नाव काढल्यावर घरी काम आहे म्हणाली. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुका उभ्यान रवाक येता मा? बाकी काय करूचा नाय."

त्या तिनसांजेला मी अनवाणी उतारावरून दगडापर्यंत गेलो. निघताना तिनं बजावलं होतं, हलायचं नाही, वळायचं नाही, उजेड कमी आहे म्हणून कॅमेरा बराच वेळ उघडा राहील. मी दगडाजवळ थांबलो. समोर उतार खाली जात होता आणि खाली काय आहे ते दिसत नव्हतं. आधी किडे ओरडत होते. मग ते थांबले. सगळे एकदम थांबले. मला माझ्या पाठीची भीती वाटायला लागली, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. मागे इंदूताय आहे, तिच्यासमोर तीन पायांवर कॅमेरा आहे, हे मला माहीत होतं, आणि तरीही मागे कुणी नाही अशी खात्री वाटत होती. तेवढ्यात तिनं मला हाक मारली. "सतीश." अगदी हळू, नेहमीच्या आवाजात. मी वळलो नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कशामुळे ते मला आजही सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर चपला घालताना मी विचारलं, "हाक कित्याक मारलंस गो?"

तिनं माझ्याकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. "मी? रायत मी कधी कोणाचा नाव घेतंय?"

फोटो मोठा करून आला तेव्हा मी त्याला फणसाच्या लाकडाची चौकट केली, आयुष्यातली सगळ्यात मोठी. ती करत असताना माझी नजर पुन्हा पुन्हा त्या पाठमोऱ्या माणसाकडे जायची. तो मी होतो, माझाच सदरा, आणि मला त्याला ओरडून सांगावंसं वाटायचं, वळ, ये परत. संध्याकाळी दुकान बंद करताना मी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायचो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की ही बाई जिंकणार.

बैठकीच्या दिवशी राईबाहेरच्या मोकळ्या जागेत फोटो उभा केला आणि इंदूतायनं वरची चादर काढली. खुर्चीत बसलेल्या मनोहरच्या आईनं हात जोडले आणि ओठ हलवायला लागली. पुढची माणसं नकळत मागे सरकली. इंदूताय फोटोकडे बघतच नव्हती. ती माणसांकडे बघत होती, एक डोळा मिटून, श्वास रोखून. माझाही श्वास अडकला होता.

मग मनोहरनं घसा खाकरला. "छान," तो म्हणाला. "खरांच छान इलो हा. इंदू, ह्यो आपण नव्या मंडपात लावया, बरोबर मधी."

आणि सगळे सुटले. छान, छान, असं सगळीकडून यायला लागलं. कुणीतरी मोबाईल काढला, मग सगळ्यांनीच काढले. लोक फोटोसमोर पाठमोरे उभे राहून स्वतःचे फोटो काढायला लागले. इंदूताय चादरीची घडी घालत होती. ती घडी नीट बसेना, म्हणून मी तिच्या हातातून चादर घेतली.

त्यानंतर जे झालं ते फार वेगानं झालं. फोटो सगळीकडे फिरला. वेंगुर्ल्यापासून लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी यायला लागली, जमिनीवर लोळणारे लांब झगे घालून. त्यांना दगडापाशी, पाठमोरंच उभं राहायचं असे. वरून ड्रोन घोंघावायचा. चपला कुणी काढेना. समितीच्या फ्लेक्सवर नव्या मंडपाच्या चित्रामागे इंदूतायचीच राई छापली होती. आणि एके दिवशी पुढच्या खोडांवर तांबड्या रंगाच्या फुल्या दिसल्या.

ती माझ्या दुकानात येऊन बसली. रागावलेली नव्हती, तेच मला बरं वाटलं नाही.

"फोटोक चौकट आसता रे," ती म्हणाली. "चौकटीभायेर उभो रवलेलो माणूस भियात कित्याक? तेका ठावक आसता, आपण भायेर आसंव."

मला ते लागलं. "माझी चौकट वायट झाली काय गो?"

"चौकट बरी झाली. तोच तर घोटाळो." ती उठून दाराशी गेली. "देवीन पयलाच सांगितल्यान. फोटो नको म्हणाली, राय राख म्हणाली. दोनाचा एक माकाच करूचा होता."

दुसऱ्या दिवशी तिनं शटर ओढलं आणि आंबेखोलला गेली, माहेरच्या बंद घरात राहायला. मला वाटलं, मन शांत झालं की येईल. चपलांचा तो फोटो तिनं जाताना माझ्याकडे ठेवला होता. मी तो कपाटावर टाकला.

मग बातम्या यायला लागल्या. एक जोडपं राईतून पळत बाहेर आलं, मुलीचा झगा काट्यांना तसाच अडकून राहिला आणि ती मिळेल त्या गाडीत बसून गेली. झाडं तोडायला आलेले कामगार आत गेले आणि यंत्रं टाकून परतले. दगडापाशी कुणीतरी उभं असतं. बाई आहे. पाठमोरी. हलत नाही, हाक मारली तरी वळत नाही, आणि तिथे झाड कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते ते कळत नाही. मी ऐकलं आणि मला तिच्या त्या काळपट हिरव्या साड्या आठवल्या.

गावालाही लवकरच कळलं की ती इंदू आहे. पण कळून काही फरक पडला नाही. लोक म्हणायला लागले, इंदूच आहे, पण तिच्यात आता कोण आहे ते कुणी सांगावं? ती वाटेनं आली की बायका पोरांना आत घ्यायच्या. शेजारणीनं ताक द्यायचं बंद केलं. गुणाजी तेवढा रोज तिच्या पायरीवर ताट ठेवायचा, पण दार वाजवायचा नाही. राईत आता कुणी रेंज शोधायला जात नव्हतं.

एक दिवस मनोहर माझ्या दुकानात आला. पार खंगला होता. "कामाचा रवांदे रे," तो म्हणाला. "कामगार येणत नाय, ठेकेदार फोन उचलणा नाय, तां मी बघतंय. पण ती माझी भयण. असा रवली तर माणसाशिवाय मरतली ती थंय. तू तिका घेवन ये."

"तू कित्याक जाणस नाय?"

"गेल्लंय. दोनदा." त्यानं माझ्या टेबलावरच्या काचेवरून बोट फिरवलं. "ती इंदू आसा, माका ठावक आसा. तरी पाय जाणत नाय."

तो म्हणाला तसंच झालं. पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. पायरीवरचं ताट सकाळी झाकलेलं तसंच दिसलं, तेव्हा गावाला कळलं. गुणाजी आणि मनोहर, दोघांनीच दार उघडलं. मला निरोप मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. याचं दुःख मला आहे आणि राहील.

पण मनोहर आला त्या दिवशी ती होती, आणि मी लगेच निघालो. मी काही मनोहर नव्हतो. मी त्या दगडापाशी उभा राहिलेला माणूस होतो, आणि ती काय करते आहे, का करते आहे, हे सगळं मला ठाऊक होतं. पोचलो तेव्हा तिनसांज झाली होती. मी चपला काढल्या. वारुळापाशी हात जोडले. तांबड्या फुल्यांवर शेवाळ चढायला लागलं होतं. पलीकडे उताराच्या तोंडाशी आलो आणि मला ती दिसली.

दगडापाशी, पाठमोरी, लहानशी. साडी मी ओळखली. हडकुळे खांदे ओळखले. उजवा पाय जरा दुमडून उभं राहायची तिची रीत ओळखली. नाव घ्यायचं नाही म्हणून मी नुसतं म्हणालो, "ताय गो, मी इलंय. घराक चल." किडे ओरडायचे थांबले. ती वळली नाही. मी पाऊल उचलायला गेलो आणि पाऊल उचललं गेलं नाही. ती इंदूताय आहे, फळीपलीकडची इंदूताय, असं मी स्वतःला सांगत होतो. मग माझ्या लक्षात आलं की मी नेमका जिथे कॅमेरा उभा होता तिथे उभा आहे. श्वास रोखून.

तेव्हा तिनं मान न वळवता उजवा हात थोडा मागे आणला आणि बोटं हलवली. गिऱ्हाईकाचं काम झालं की उठायला सांगताना हलवायची, अगदी तशीच. झालं, जा आता.

मी पळालो. चपला राहिल्या राईबाहेरच, आत जाताना काढल्या तशा, काळोखाकडे तोंड करून.